समोर म्हैस (९१ टक्के)

माणसाला दिसते पुष्कळ आणि कळते थोडे, याबद्दल शास्त्री-पंडितांपासून पारावर बसणाऱ्यांपर्यंत सर्वांचे एकमत आहे. सूर्य रोज दिसतो, पण आज तो किती अंशांनी तापणार हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. (फार वेळ पाहिल्यास दिसायचेही बंद होते.) बायको जन्मभर डोळ्यांसमोर वावरते, पण आज तिची पावले किती झाली हे छातीला हात लावून सांगेल असा नवरा अजून जन्मायचा आहे. दारात म्हैस दिसते. परंतु ती म्हैसच आहे याची खात्री कोण देणार? पिढ्यान्‌पिढ्या आपले लोक केवळ अंदाजाने दूध काढत आले.

हे अज्ञान दूर व्हावे म्हणून ग्रामीण माहितीदर्शन प्रतिष्ठान या संस्थेने वरवट बकालच्या बाजारापासून सात किलोमीटरवर असलेल्या सावरखुटी गावात चाळीस माहितीदर्शक चष्मे वाटले. चष्म्याची काडी जाड, काच जाड, आणि उजव्या कानामागे सुपारीएवढी गाठ. सगळी अक्कल त्या गाठीत. चष्मा चढवला की समोरच्या हवेत हिरवी अक्षरे उमटतात : वाजले किती, ऊन किती, पावले किती, समोर काय, समोर कोण, आणि हे सगळे कितपत खरे (टक्क्यांत). चष्म्याला ऐकू येते, बोलता मात्र येत नाही. (आपल्याकडे हे चांगल्या सुनेचे लक्षण मानतात.)

चाळिसांतला सव्विसावा चष्मा झुंबरबाई ढोकणे यांच्या नाकावर बसला. झुंबरबाईंचे वय बहात्तर. अक्षरओळख नाही. डावा डोळा गेलेला, उजव्यात मोतीबिंदू.

आता एखादा शंकेखोर माणूस विचारील, की जिला धड दिसत नाही आणि मुळीच वाचता येत नाही, तिला हवेत अक्षरे दाखवणारा चष्मा का दिला? प्रश्न वरवरचा आहे. चष्मा कोणाला द्यायचा, चांगले दिसते त्याला की दिसत नाही त्याला? याचे उत्तर अंगणवाडीतले पोरही देईल.

झाले होते असे. जानेवारीत याच प्रतिष्ठानने मारुतीच्या देवळात डोळे तपासण्याचे शिबिर भरवले. चाळीस म्हाताऱ्या-कोताऱ्यांना मोतीबिंदू निघाला आणि चाळीस नावांची यादी झाली. डॉक्टरांनी झुंबरबाईंच्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, “डावा तर गेला. हा पिकलाय. आखाजीच्या आत काढून टाकू, आजी. लांबवू नका. नाहीतर—” पुढचे त्यांनी हाताने दाखवले. तो हात झुंबरबाईंना दिसला नाही. सुनेला, सारिकाला, दिसला. तिने घरी येईपर्यंत सासूचा हात धरून ठेवला, पण डॉक्टरांच्या हाताचे काही सांगितले नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तेव्हा तीन महिने लांब होती.

फेब्रुवारीत प्रतिष्ठानचे धोरण बदलले. यादी तीच राहिली. यादी ही जात्यासारखी असते; रिकामी फिरवली तर दगड दगडाला खातो, म्हणून तिच्यात काहीतरी ओतावे लागते. शस्त्रक्रिया ओतायच्या होत्या, त्या जागी चष्मे ओतले. सोबत रंगीत माहितीपत्रक होते. त्यातली तुलना विचार करण्याजोगी आहे :

शस्त्रक्रियेने फक्त दिसते. चष्म्याने दिसेल त्याचे नावही कळते.

शस्त्रक्रिया एकदाच होते. चष्म्यात दर महिन्याला सुधारणा होते.

शस्त्रक्रिया झालेला डोळा तापमान दाखवत नाही.

शस्त्रक्रियेनंतर महिनाभर डोळ्याला पाणी लावता येत नाही. चष्म्यालाही लावता येत नाही. (हा मुद्दा बरोबरीत सुटला.)

झुंबरबाईंनी चष्मा लावला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढच्या दुधाळ धुक्यात हिरव्या मुंग्या चालू लागल्या. त्यांनी दोनदा हाताने मुंग्या झटकल्या. मग सारिकाने मोबाइल आणला. चष्म्यात जे उमटते ते घरच्या मोबाइलवरही उमटते, अशी दूरदृष्टीची सोय होती. म्हणजे घरात एक डोळस, साक्षर आणि रिकामे माणूस असले की आंधळ्या माणसाला चष्म्याचा पुरेपूर उपयोग होतो.

“आत्याबाई, समोर म्हैस हाये म्हनते,” सारिकाने वाचले. “एक्क्यान्नव टक्के.”

“ते त मले वासावरूनच समजलं,” झुंबरबाई म्हणाल्या. “बाकीचं काय हाये?”

“बाकीचं म्हंजे?”

“एक्क्यान्नव म्हैस, त उरलेले नऊ काय हाये?”

हा प्रश्न प्रतिष्ठानलाही सुचला नव्हता. ओट्यावर तंबाखू मळत बसलेले पुंजाजी, झुंबरबाईंचे यजमान, दोन दिवस याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, “नऊ टक्के रेडा असन.” आणि म्हशीकडे ते जरा जपूनच जाऊ लागले.

उपयोगाचे दाखले याहूनही आहेत. झुंबरबाईंचा हात डाळ-तांदूळ निवडण्यात साऱ्या आळीत नावाजलेला. लग्नाच्या घरची सुपे पूर्वी त्यांच्याकडे यायची. त्यांच्या बोटांखालून गेलेल्या तांदळात खडा सापडला असे कोणी म्हटले, तर म्हणणाऱ्याच्या दाताला नाव ठेवत. गेल्या दोन वर्षांत सुपे यायची थांबली होती. आता चष्मा लावून त्या पुन्हा सुपापाशी बसल्या. मोबाइलवर उमटले : ‘खडा आढळला नाही (९४ टक्के).’ त्या दुपारी पुंजाजींची दाढ तुटली. ती उरलेल्या सहा टक्क्यांत बसते, म्हणजे चष्म्याचे काही चुकले नाही.

आणि मग मयुरी. सारिकाची पोर, चार महिन्यांची. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत जन्मली, तोवर झुंबरबाईंच्या डोळ्यांत धुके उतरले होते. म्हणून त्यांनी नातीचा चेहरा काही पाहिला नव्हता. दुधाचा आणि वेखंडाचा वास, मांडीवरचे ऊन ऊन ओझे, आणि बोटांना लागलेले एक नकटे नाक, एवढीच नात त्यांच्या वाट्याला आली होती. लोक म्हणत, कपाळ आजीचं घेतलं. झुंबरबाई स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवीत, मग पोरीच्या. पण बोटांना माप कळते, रूप कळत नाही. रूप पाहायला डोळाच लागतो. शस्त्रक्रियेची तारीख त्या विचारीत असत ती एवढ्यासाठी.

त्या दिवशी चष्मा लावून त्यांनी नातीवर मान वाकवली. “पाह्य वो सारिका, काय म्हनते ते.”

मोबाइलवर होते : ‘अनोळखी व्यक्ती. वय ० ते ९०. सावधगिरी बाळगा.’

सारिकाने मोबाइल उलटा ठेवला. “तुमच्यासारखी दिसते म्हनते, आत्याबाई.”

“किती टक्के?”

“शंभर.”

चष्म्याने दिलेल्या माहितीत शंभर टक्क्यांची नोंद गावात एवढी एकच झाली. ती चष्म्याने दिलेली नव्हती.

मार्च संपत आला. उजव्या डोळ्यातले धुके दाटले, रात्री कपाळ ठणकू लागले. सारिकाने गजेंद्रला बोलावले. गजेंद्र हा गावातलाच, बारावी शिकलेला, आणि प्रतिष्ठानचा नेमलेला ‘माहितीमित्र’. कामाचा भाग म्हणून तो स्वतःही तो चष्मा दिवसभर लावी, आणि दारातून आत येताना ‘समोर दार’ असे वाचून मगच वाकत असे.

“गजूभाऊ, आत्याबाईचा डोयाचा नंबर कवा लागते?” सारिकाने विचारले.

गजेंद्रने मोबाइलमध्ये पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. झुंबरबाईंचा डोळा आता ‘प्रतीक्षेतील’ या यादीत नव्हता. तो ‘लाभ मिळालेले’ या यादीत गेला होता. एका डोळ्याला दोन लाभ देता येत नाहीत. तसे झाले तर कोणीही उठून एका डोळ्याने पाहील आणि त्याच डोळ्याने वाचेलही. शस्त्रक्रिया हवी तर चष्मा परत करावा लागेल. चष्मा परत करायचा तर ‘वापर पूर्ण’ असा दाखला लागेल. आणि दाखला मिळायचा तर चष्म्याची नोंदणी शंभर टक्के झालेली असावी लागेल. झुंबरबाईंची सत्त्याण्णव टक्क्यांवर अडली होती.

“फकस्त तीन टक्के राह्यले, आजी,” गजेंद्र म्हणाला. “नवऱ्याचं नाव सांगा, का झालं.”

“तुले नाई मालूम?”

“मले मालूम हाये वो. त्याले नाई मालूम.” त्याने चष्म्याकडे बोट केले.

“मंग तू सांग त्याले.”

“माह्या आवाजात नाई चालत. बायकोच्याच आवाजात पाह्यजे.”

“सारिका सांगन.”

“सारिकावयनी काय आबाची बायको हाये काय?”

सारिका पदर तोंडाला लावून आत पळाली. ओट्यावरून पुंजाजी म्हणाले, “काऊन तरास देतं बे बुढीले? मी सांगतो ना. माहं नाव मले येते.”

“तुमी सोताची बायको नाई ना, आबा.”

पुंजाजी पुन्हा तंबाखू मळू लागले.

ज्यांना झुंबरबाईंची अडचण समजली नसेल, त्यांच्यासाठी खुलासा. झुंबरबाईंनी बावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याचे नाव उघडे कधी घेतले नव्हते. ‘अवो’, ‘आयकलं काय’, ‘आमच्या घरचे’ एवढ्यावर त्यांनी तीन लेकरे, दोन दुष्काळ आणि एक कोर्टाची केस निभावली. कापसाच्या पुंजक्यालासुद्धा त्या ‘बोळा’ म्हणत, न जाणो, अर्धे नाव तोंडातून गेले तर. नवऱ्याचे नाव म्हणजे चुलीतला इस्तू, असे त्यांच्या सासूने सांगितले होते. उघडा ठेवला की विझतो, राखेत झाकला की सकाळपर्यंत राहतो. नाव घ्यायचेच झाले तर झाकून घ्यावे, उखाण्यात. त्यासाठी त्यांच्याकडे एकच उखाणा होता. नव्या नवरीपणी डोक्यावर दोन हंडे घेऊन त्या नदीवरून आल्या आणि नणंदांनी दार अडवले : नाव घे, मग आत ये. मान मोडायला आली होती. तेव्हा जे सुचले ते सुचले, आणि तेच जन्मभर पुरले.

“घेतो मंग,” झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, चष्मा सरळ केला, आणि जिकडून तंबाखूचा वास येत होता तिकडे तोंड करून, लाजत, सुरावर म्हणाल्या :

“तुरीच्या शेंगेत दाने चार,
वान नदीले पान्याची धार,
सांजचा दिवा, उघडं दार,
पुंजाजीचं नाव घेते, उतरा डोईचा भार.”

ओट्यावर पुंजाजींच्या हातातली तंबाखू मळायची थांबली. आतून सारिका “वा आत्याबाई!” म्हणाली. गजेंद्रच्या मोबाइलवर हिरवी खूण आली : नोंदणी शंभर टक्के.

पतीचे नाव या रकान्यात पूर्ण अठरा शब्द बसले होते.

चष्मा प्रामाणिक असतो. त्याला नाव विचारायला सांगितले, त्याने विचारले. बाईने जे सांगितले, ते त्याने लिहून घेतले. पुढे त्याने ते नेमाप्रमाणे फोडले. पहिला शब्द ते नाव : तुरीच्या. शेवटचा शब्द ते आडनाव : भार. मधले सोळा शब्द वडिलांचे. (असे घरंदाज वडील तालुक्यात दुसऱ्या कोणाला नाहीत.) आता गावातल्या कुठल्याही चष्म्यासमोर पुंजाजी आले, की त्यांच्या टोपीपासून गुडघ्यापर्यंत हिरव्या अक्षरांच्या चार ओळी लटकत, आणि त्यांच्याआड पुंजाजी दिसेनासे होत. गजेंद्रने त्यांना एकदा बाभळीची फांदी समजून बाजूला सारले.

असे एकट्या झुंबरबाईंचेच झाले असे नाही. यादीतल्या म्हाताऱ्या अकरा. पैकी नऊ जणींनी नाव झाकूनच घेतले होते. एकीच्या उखाण्यात महादेवाची पिंड होती, म्हणून तिच्या नवऱ्यासमोर चष्मा ‘पादत्राणे काढावीत’ असे दाखवी. एकीचा उखाणा सव्वीस ओळींचा निघाला. तिचे यजमान कडूबा बाजूने चालत आले तरी समोरच्याला वर्तमानपत्र चालत आल्यासारखे वाटे.

दाखला आला, पण त्यावर तांबडा शेरा होता : ‘पतीचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही.’ अशा कामासाठी प्रतिष्ठानचा स्वतंत्र ‘नाममेळ कक्ष’ आहे. कक्षाने कळवले की, पत्नीचा आवाज एकदा नोंदला की बदलता येत नाही, कारण आवाज हा पुरावा आहे. नवरा मात्र बदलता येतो. म्हणजे नवऱ्याने शंभराच्या मुद्रांकावर असे लिहून द्यावे, की पूर्वाश्रमीचा पुंजाजी तो मीच, आणि यापुढे प्रतिष्ठानच्या सर्व कामांसाठी मला उखाण्याने ओळखावे.

“लिवून देतो,” पुंजाजी म्हणाले. “नावात काय सोनं लागलं? तिले दिसलं पाह्यजे.”

त्यांनी सही केली. नव्या नावाने करायला सांगितल्यामुळे सही पान उलटवून मागच्या बाजूला संपली. आठवड्यात प्रतिष्ठानचे अभिनंदनाचे पत्र आले, ‘प्रति, श्री. भार’. पारावरच्या लोकांनी त्याचा योग्य तो मान राखला.

“या भारसाहेब, बसा. लय दिवसानं उतरले!”

“हसा बे, हसा,” पुंजाजी म्हणत. “बुढीचा डोया होऊ द्या. मंग तुमची थोबाडं दाखवतो तिले एकेकाची.”

चष्मा जमा केला, तारीख मिळाली. आखाजीच्या नऊ दिवस आधीची.

प्रतिष्ठानच्या रुग्णालयाकडे जीप निघाली तेव्हा झुंबरबाई मागच्या बाकावर सारिकाला टेकून बसल्या होत्या, मांडीवर मयुरी. पुंजाजी पुढे. रस्ताभर सारिका सासूला समजावत होती, “हे पाहा आत्याबाई, तिथं मोठे डाक्टर राह्यतात. तिथं गानंगिनं म्हनू नका. त्याच्यानंच एवढा घोळ झाला. कोनी नाव इचारलं त सिधं नाव सांगा. एक शब्द. बस.”

“उघडं?”

“उघडंच.”

दोन्ही बाजूंनी उन्हाने भाजलेली रिकामी शेते मागे पळत होती, ती झुंबरबाईंना नुसती पांढरी दिसत होती. त्यांचे ओठ हलताना सारिकाने पाहिले. आवाज नव्हता. त्या सराव करत होत्या. बावन्न वर्षे राखेखाली ठेवलेले त्या बोटाने चाचपून पाहत होत्या, अजून ऊन आहे का.

शस्त्रक्रियेच्या खोलीत त्यांना आडवे केले. डोळ्यात थेंब घातले, तोंडावर हिरवे फडके टाकले, डोळ्यापुरते भोक. डॉक्टर हातमोजे घालून उभे राहिले. रेणुका नावाची सिस्टर यंत्र घेऊन जवळ आली. रुग्ण तोच आहे ना याची खात्री रुग्णाच्याच आवाजात करून घ्यायची असते, हा नियम अतिशय योग्य आहे. (नाहीतर कोणीही आंधळे माणूस दुसऱ्या आंधळ्याच्या जागी येऊन झोपेल.)

“आजी, मोठ्यानं सांगा हं. पतीचं नाव?”

फडक्याखाली झुंबरबाईंनी श्वास घेतला. नात आठवली, तिचे नकटे नाक आठवले. आणि मग त्या म्हणाल्या, मोठ्याने, उघडे, एक शब्द :

“पुंजाजी.”

बाहेर बाकावर बसलेले पुंजाजी ताडकन उभे राहिले. “आलो, आलो,” म्हणाले, आणि दाराकडे धावले. बावन्न वर्षांत त्या आवाजात त्यांनी ते असे ऐकले नव्हते. कशासाठी हाक मारली हे त्यांना ठाऊक नव्हते. पण मारली होती, आणि त्यांनी ओ दिली होती. एकमेकांची ओळख पटण्याची ही पद्धत जुनी असून ती कोणत्याही नोंदवहीत बसत नाही.

यंत्रावर आले : ‘नाव जुळत नाही.’

रेणुका सिस्टरने पडदा पाहिला. “इथं तर भार आहे,” ती म्हणाली.

दारातून सारिका ओरडली, “आत्याबाई, उखाना म्हना! उखाना!” झुंबरबाईंनी लगेच म्हटला, पडल्या पडल्या, फडक्याखालून, तुरीच्या शेंगेपासून डोईच्या भारापर्यंत, एक शब्द न चुकता. पण एकदा चुकीचे नाव सांगणारी व्यक्ती दुसऱ्यांदा बरोबर नाव सांगते, तेव्हा ती पढवलेली असण्याचा संभव अठ्ठ्याऐंशी टक्के असतो. यंत्राने नोंदीला कुलूप घातले. कुलूप नव्वद दिवसांनी आपोआप उघडते.

रेणुका सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते वाईट मनुष्य नव्हते. “मला डोळा उघडता येतो, आजी,” ते म्हणाले, “नोंद उघडता येत नाही.”

फडके काढल्यावर झुंबरबाईंनी विचारले, “झालं काय?”

यंत्र घेऊन रेणुका सिस्टरची पावले दूर गेली, तेव्हा त्यांना कळले. त्या उठून बसल्या, पदर सारखा केला, आणि दारातल्या तंबाखूच्या वासाकडे तोंड करून म्हणाल्या, “अवो, मी नाव घेतलं वो तुमचं. उघडंच घेतलं. तरी नाई चाललं.”

“आयकलं मी,” पुंजाजी म्हणाले. “चांगलं घेतलं.”

प्रतिष्ठानने नियमाप्रमाणे चष्मा त्यांना सन्मानाने परत केला, कारण नव्वद दिवस डोळ्याला काही ना काही लाभ चालू राहणे आवश्यक होते. आखाजी आली आणि गेली. कुलूप नव्वद दिवसांचे आहे हे डोळ्याला कळवण्याची सोय नव्हती. त्याने आपले काम आधीच उरकले. वैशाखातल्या एका सकाळी झुंबरबाईंनी उठून सारिकाला विचारले, आज उजाडलं नाही काय? अंगणात तेव्हा ऊन पडले होते. (तापमान एक्केचाळीस. हे चष्म्याने बरोबर सांगितले.)

त्यानंतरच्या आठवड्यात गजेंद्र धावत आला. उखाणा घेतला त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या चष्म्याने समोरचे सगळे आपण होऊन टिपले होते, आणि प्रतिष्ठानने त्याचा दीड मिनिटाचा तुकडा ‘खेड्यातली गोड आजी’ या नावाने लोकांसाठी सोडला होता. तुकडा फार सुरेख आला होता. झुंबरबाईंचा चेहरा जवळून, पदराचा काठ, लाजून वळलेली मान, आणि काचेमागे, चांगल्या उजेडात, मोत्यासारखे पांढरे झालेले उजवे बुबुळ. इतके स्पष्ट, की डॉक्टरला बॅटरी लागू नये.

“आजी, चौदा लाख लोकायनं पाह्यलं तुमाले!” गजेंद्र म्हणाला. “चौदा लाख! देशभर फिरून राह्यल्या तुमी!”

झुंबरबाई मयुरीला मांडीवर घेऊन, दिसत नसलेल्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

“चौदा लाखानं?” त्या म्हणाल्या. “मंग माहा डोया त्यातल्या एकालेबी काऊन नाई दिसला, बाप्पा?”

गजेंद्र जबाबदार कार्यकर्ता होता. त्याने तेथेच बसून लोकांनी लिहिलेल्या अकरा हजार प्रतिक्रिया तपासल्या. डोळ्यांचा उल्लेख तीन हजार दोनशे ठिकाणी आढळला. ते सर्व डोळे लिहिणाऱ्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांत पाणी आले होते.

त्यांतला एक तुमचा आहे. तुम्ही पुढे तो तुकडा घरच्या गटावरही पाठवला होता. सकाळचे नऊ वाजून चार मिनिटे झाली होती, आणि खाली तुम्ही लिहिले होते, ‘नक्की पाहा’.